जाऊबाईंनी वळवलेलं पाणी

या, अशा जवळ येऊन बसा. तिथं उंबऱ्यात उभं राहून, एक डोळा मोबाईलवर आणि एक माझ्याकडं, असं ऐकायचं असंल तर मी आपली गप तुरीच्या शेंगा सोलत बसते. आणि आल्या आल्या ते 'वेळच मिळत नाही हो काकू, दोन मिनिटं प्रार्थनेला बसावं म्हटलं तरी जमत नाही' हे जे रडगाणं लावता ना तुम्ही तरण्या बाया, ते निदान नाताळाच्या महिन्यात तरी माझ्यापुढं लावत जाऊ नका. नोकरी काय तुम्हालाच आहे? लेकरं काय तुम्हालाच आहेत? साऱ्या मराठवाड्यात देवाला माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकं कामाला लावणारी आणि घरातल्या इतक्या बारीक फटीत नेऊन बसवणारी दुसरी बाई नाही, हे मी कुठंही आणि कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

जाऊबाई तीसएक वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. नोकरी सुटली, पण वॉर्ड काही सुटला नाही. तो दवाखान्यातून उठून आमच्या गल्लीत आला, एवढाच फरक. रेल्वे स्टेशनच्या अलीकडं आमची गल्ली, आणि त्यांच्या-माझ्या घरामध्ये दोनच दारं. ख्रिस्ती घरं तेवढी आमची दोन, बाकी सगळ्या जातीधर्माची माणसं. पण झाडून सारी त्यांना सिस्टर म्हणतात आणि त्या झाडून साऱ्यांना पेशंट समजतात. प्रार्थनासुद्धा त्यांच्या लेखी औषधच. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि डोस चुकवायचा नाही. "सगळी बाटली रविवारी एकदम पिऊन आठवडाभर गुण येत नसतो," असं त्यांनी एकदा चर्चच्या पाळकसाहेबांना तोंडावर सुनावलं होतं. पाळकसाहेबांनी ते पुढच्या रविवारी उपदेशात घेतलं, पण त्यांचं नाव न सांगता घेतलं, म्हणून जाऊबाई महिनाभर त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. आता एवढं असून, वेगळा वेळ काढून डोळे मिटून बसणं मात्र त्यांना जन्मात जमलं नाही. त्यांची सकाळची प्रार्थना कुकरवर चालायची. पहिली शिट्टी होईपर्यंत उपकार मानायचे, दुसरीपर्यंत चुका कबूल करायच्या, तिसरीपर्यंत मागायचं ते मागून घ्यायचं. डाळ जुनी निघाली आणि चौथी शिट्टी लागली, तर ती शत्रूंसाठी. एकदा मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी आपला मधेच गॅस बारीक केला, तर न्हाणीघरातून ओरडल्या, "अगं धाकटे, मी अजून चुकांतच हाय! वाढव तो गॅस!"

पिशवीत त्यांच्या प्रेशर मोजायचं यंत्र कायम. कुणीही दारात आलं, भाजीवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस असो, जाऊबाई त्याला खुर्चीत बसवणार, दंडाला पट्टा गुंडाळणार, आणि हवा भरता भरता देवाची गोष्ट सांगणार. "पट्टा आवळलेला माणूस पळत नाय," असं त्यांचं म्हणणं. पण गोष्ट हवा असेपर्यंतच. येशूच्या जन्माची रात्र, मेंढपाळ मेंढरं राखत बसलेत, आभाळात उजेड झालाय, आणि फुस्स करून हवा सुटली की गोष्टही तिथंच थांबायची. "बाकीचं पुढच्या खेपेला. मीठ कमी खा." आमचा भाजीवाला तर एकदा आपण होऊन हातगाडी उभी करून बाही वर सरकवत आला आणि म्हणाला, "सिस्टर, जरा बघा बरं. अन् ती उंटावरची शहाणी माणसं पोचली का, तेबी सांगा."

डिसेंबर लागला की मग विचारूच नका. चांदणी टांगायची, घर धुवायचं, गाण्यांचा सराव घ्यायचा आणि करंज्या करायच्या. करंज्या म्हणजे नुसत्या करंज्या नव्हेत. लाटताना प्रत्येक पारी कुणाच्या तरी नावाची, आणि ती भरून, मुडपून तेलात पडेपर्यंत त्या माणसासाठी प्रार्थना. करंजी छान फुलली की जाऊबाई म्हणायच्या, "याचं बरं चाललंय." फुटली की घरी निरोप जायचा. माझी करंजी लागोपाठ दोन वर्षं तेलात फुटली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी घरी येऊन रडले होते हो. तिसऱ्या वर्षी मी माझी करंजी मीच लाटली, जाड.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण त्या घराच्या आतल्या खोलीत हसू दोन वर्षं शिरलं नव्हतं, तेही सांगायला हवं. आमचे थोरले भावजी, म्हणजे जाऊबाईंचे मालक, कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. चर्चमध्ये गाण्याला ढोलकी त्यांचीच. माणूस असा टापटिपीचा की दोन बादल्यांची आंघोळ केल्याशिवाय आणि कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातल्याशिवाय ढोलकीला हात लावायचे नाहीत. त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं अडखळायला लागलं, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. त्या दिवसापासून ते चर्चला गेले नाहीत. पाळकसाहेब घरी यायचे, भावजी भिंतीकडं तोंड करायचे. "वास... येतो... मला," असं त्यांनी एकदा जाऊबाईंना सांगितलं. वास-बिस काही नव्हता हो. जाऊबाई स्वतः सिस्टर, त्यांनी त्या माणसाला फुलासारखं ठेवलं होतं. पण त्यांना वाटायचं, आणि त्या वाटण्याला औषध नव्हतं. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला जाऊबाई दोन वर्षं एकच गोष्ट मागत होत्या, हे मला नंतर कळलं.

आणि गेल्या डिसेंबरात एका दुपारी, मी तिथं करंज्यांचं सारण हलवत बसले होते तेव्हा, आतून आवाज आला. "नाताळला... येतो." जाऊबाईंच्या हातातलं लाटणं जागच्या जागी थांबलं. त्या उठल्या नाहीत, धावल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच, जसं काही कुणी चहा घेतो म्हणालंय अशा आवाजात म्हणाल्या, "बरं, या." मग आतून पुढचं आलं. "आंघोळ करून. दोन बादल्या. ताजं... पाणी."

ज्यांना आमचं गाव ठाऊक नाही त्यांना यात काय अवघड ते कळायचं नाही. आमच्या भागात नळाला पाणी येतं आठवडा उलटल्यावर. ज्या दिवशी पाण्याची पाळी असंल त्या दिवशी घरातल्या बाईनं लग्नालाही जाऊ नये. टाकी, टिपाडं, हंडे, पातेली, चहाच्या किटल्यासुद्धा भरून ठेवायच्या आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायच्या. आठव्या दिवशी टिपाडातल्या पाण्याला लोखंडाचा आणि शेवाळाचा वास सुटतो. आपल्याला सवय झालेली असते, पण ज्याला स्वतःचाच वास येतोय असं वाटतं त्या माणसाला ते पाणी अंगावर कसं चालावं? जाऊबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. पाळी बरोबर पंचवीस तारखेला येत होती. सकाळी साडेनऊला. उपासनाही साडेनऊलाच.

"म्हणजे आंघोळ शिळ्या पाण्यानं," मी म्हटलं.

"म्हणजे ते येणार नायत," जाऊबाई म्हणाल्या. "एकदा नाय म्हणले की संपलं. परत व्हय म्हणायचे नायत ते. मी चाळीस वर्षं बघतेय त्या माणसाला."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा पाणी सोडणारा भाऊ रस्त्यावरचा व्हॉल्व्ह फिरवायला आला आणि जाऊबाईंच्या खुर्चीत अडकला. मी तिथंच होते. पट्टा आवळला गेला.

"पंचवीसची आमची पाळी चोवीसला कर."

"सिस्टर, असं नाय करता येत. चोवीसला मागच्या बाजूची लाईन हाय."

"मागं काय हाय? सगळी गोदामं. गोदामं आंघोळ करतात व्हय रं? त्यांना पंचवीसला दे, आम्हाला चोवीसला."

"वरून बोलणी बसतील मला."

"तुझं प्रेशर एकशे साठ झालंय. घरी कोणकोण असतं तुझ्या?"

तो बिचारा घाबरला. त्याला त्यांनी भावजींचंही सांगितलं, खोटं काही सांगितलं नाही. मग तो आत जाऊन भावजींना बघून आला आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "बरं. एकच डाव." जाऊबाईंनी फुस्स करून हवा सोडली. पट्टा सुटल्यावर भाऊ सरळ सायकलकडं गेला. त्या दिवशी त्याला गोष्ट काही सांगायची राहून गेली.

चोवीस तारखेला दुपारी बाराला नळ फुसफुसला आणि गल्लीत एकच धांदल उडाली. लोकांना वाटलं, देवच पावला. समोरच्या मोटरवाल्या काकूंनी नेहमीसारखी मोटर लावून निम्मं पाणी ओढलं, आणि जाऊबाई नेहमीसारख्या त्यांच्याशी भांडल्या नाहीत, यावरूनच त्यांचा आनंद ओळखा. या दोघींचं मोटरवरून वर्षानुवर्षांचं वाजलेलं. टाकी भरली, टिपाडं भरली, आणि भावजींच्या दोन बादल्या न्हाणीघरात वेगळ्या, वर स्वच्छ पंचे झाकून. पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री झाली. भावजी खाटेवरून ते सगळं बघत होते आणि त्या दिवशी भिंतीकडं वळले नाहीत.

मी दुपारी तीनला चर्चमध्ये गेले. महिला मंडळाचं ठरलेलं असतं, चोवीसला फरशी धुवायची, बाळ येशूची गव्हाणी मांडायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रीतिभोजनाचे तांदूळ निवडायचे. उपासना झाली की सगळी मंडळी तिथंच जेवते, दोनशेच्या वर पान उठतं. गेले तर बाया कोरड्या फरशीवर झाडू घेऊन उभ्या. नळ उघडा, आणि त्यातून नुसती हवा. पाळकीणबाई रडकुंडीला आलेल्या. "आज आपली पाळी होती हो. सकाळपासून वाट बघतेय. टँकरवाला म्हणतो, परवा. उद्या सकाळी सहाला चूल पेटवायची, भात कशात शिजवू?"

मी विचारलं, "आपली लाईन कुठली?"

"ती काय, मागची. गोदामांची."

चर्चचं फाटक मोठ्या रस्त्याला, म्हणून आम्हाला कुणालाच कधी वाटलं नव्हतं की नळ मागच्या लाईनीवर असंल. बाया पाणी सोडणाऱ्या भाऊला बोलत होत्या, त्याच्या सात पिढ्या काढत होत्या, आणि मी तिथं उभी, तोंड उघडावं तर जाऊबाई, न उघडावं तर तो गरीब माणूस. चपला पायात सरकवल्या आणि घरी आले.

जाऊबाई ओट्यावर गव्हाणीसाठी गवत निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी ते गवत हळूच परातीत ठेवलं. मग पिशवीतून यंत्र काढलं, स्वतःच्याच दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, बघितलं, आणि काटा किती होता ते मला सांगितलं नाही. मी म्हटलं, "अहो बाई, त्या भाऊला फोन तरी लावा. रात्री नाहीतर पहाटे सोडंल." लावला. तो पलीकडून म्हणाला, "सिस्टर, मी गावाला आलोय. उद्या सुट्टी ना. तुमच्याच सणाची सुट्टी! बदलीचा माणूस उद्या संध्याकाळी येऊन सोडंल." फोन ठेवून त्यांनी दंडाचा पट्टा सोडला आणि यंत्र पिशवीत टाकलं.

"मी पाळकीणबाईंना सांगितलं नाही काही," मी म्हटलं. "तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्यांची सोय त्या कशीतरी करतीलच. भावजींचं उद्याचं होऊन जाऊ द्या, मग सांगा निवांत."

"आणि उद्या उपासनेत प्रभुभोजनाची भाकर घ्यायला कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांचं पाणी अंगावर घेऊन बसू तिथं?"

"मग आत्ता जाऊन सांगा."

"सांगते की. मंडळीला सांगायला मी भीत नाय." त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं. "त्यांच्या कानावर गेलं की ते येणार नायत. माझ्यापायी झालं म्हणतील. आणि दुसऱ्याकडून कानावर गेलं तर जल्मात येणार नायत."

मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले, तर म्हणाल्या, "नको. ते बी चर्चचंच हाय."

मग त्या आत गेल्या. दार लावलं नाही, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. जी बाई कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये चुका उरकायची, तिला ही एक चूक सांगायला किती वेळ लागला म्हणून सांगू. "अहो, ऐका. मी एक लबाडी केली." तिथपासून सुरुवात. भाऊ, पट्टा, गोदामं, चर्चचा नळ, सारं सांगितलं. काही झाकलं नाही, काही स्वतःच्या बाजूनं वळवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा." मला खाटेची कुरकुर ऐकू आली. ते भिंतीकडं वळले होते.

बाहेर आल्या तेव्हा जाऊबाईंचा चेहरा बघवत नव्हता. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "चल धाकटे." पाळकसाहेबांकडं गेलो. तिथं तांदूळ निवडत बसलेल्या साऱ्या बायांपुढं, उभ्यानंच, त्यांनी सांगून टाकलं. एक जण खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, सांगितलंत ते बरं केलंत. पण भात अजून कोरडाच आहे."

"त्याचं मी बघते," जाऊबाई म्हणाल्या.

बघायचं म्हणजे काय, तर गल्लीत दारोदार जाऊन मागायचं. चोवीसचं पाणी सगळ्यांच्या टिपाडांत आलेलं, आणि पुढचे आठ दिवस तेच पुरवायचं. अशा पाण्यात कोण हात घालू देतं? आणि आजवर गल्लीला हुकूम सोडणारी बाई आता मागणार. मला वाटलं होतं, आधी ओळखीच्या चार घरी जातील. त्या गेल्या थेट समोरच्या मोटरवाल्या काकूंकडं. काकू दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"काय सिस्टर, आज इकडं कुठं वाट चुकल्या?"

"चर्चला पाणी पायजे. त्यांचं पाणी मी इकडं वळवून आणलं. दोन टिपाडं द्या."

"मोटर लावते म्हणून इतकी वर्षं बोलत होत्या ना मला? पाणीचोर म्हणल्या होत्या, सगळ्यांसमोर."

"व्हय, म्हणले होते. आता मी काय झाले ते तुम्ही म्हणा."

म्हणायला काकूंकडं खूप होतं, हे दिसत होतं. शेवटी तोंड वाकडं करून म्हणाल्या, "त्या मोटरचंच पाणी हाय बरं का, चालंल ना तुमच्या देवाला?" आणि आत जाऊन टिपाडावरचं झाकण काढलं. त्यांनी दिलं म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायला जागाच राहिली नाही. नाही म्हणायचं होतं ते लोकही तोंड फिरवून भरलेली कळशी बाहेर ठेवून गेले. कोपऱ्यावरचा रिक्षावाला, त्याला त्या लहानपणापासून सुई टोचत आलेल्या, म्हणाला, "खाला, तुम टेन्शन नक्को लेव. फजर की नमाज के बाद मैं लेको जातूं सब." आणि पहाट सरता सरता, ख्रिस्तजन्माच्या सकाळी, आमच्या गल्लीतून चर्चकडं रिक्षाच्या खेपा सुरू झाल्या. मागच्या सीटवर कॅन आणि हंडे, ड्रायव्हरशेजारी कशीबशी टेकलेली मी, आणि दर खड्ड्याला साडी भिजतेय. जाऊबाईंनी स्वतःची टाकी तळापर्यंत उपसली. फक्त न्हाणीघरातल्या त्या दोन बादल्या तशाच होत्या, पंचे झाकलेल्या.

आठ वाजता शेवटची खेप उरली. रिक्षा दारात उभी. जाऊबाई आत गेल्या आणि मी त्यांच्या मागं. भावजी जागे होते, तोंड भिंतीकडंच. रात्रभर तसेच होते म्हणे. जाऊबाई खाटेपाशी उभ्या राहिल्या. मला माहीत होतं की त्या काही विचारणार नाहीत, कारण विचारलं की उत्तर येणार. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मग भावजींचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. एक बोट वर झालं.

"काय?" जाऊबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"एकच," भावजी म्हणाले. "एक... मला. एक... तिकडं."

जाऊबाई जिथं उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या, जमिनीवर. मीच पुढं झाले हो, दुसरी बादली उचलली, आणि पायऱ्या उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या. रिक्षावाल्यानं ती बादली सीटवर न ठेवता आपल्या दोन पायांच्या मध्ये ठेवली. वाटेत एक थेंब सांडला नाही त्यानं.

उपासनेला आम्ही उशिरा पोचलो. पहिलं गाणं सुरू झालं होतं. पांढऱ्या सदऱ्यातल्या भावजींना खुर्चीसकट उचलून आत आणलं तेव्हा माना वळल्याच, कशा वळणार नाहीत? भावजींच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळली. जाऊबाईंनी त्यांचं तोंड पुसलं, अगदी सगळ्यांदेखत, जसं घरी पुसतात तसं, आणि समोर बघत गायला लागल्या. दोन कडवी झाली. मी घाबरून भावजींकडं बघत होते, की आता म्हणतील, चला घरी. त्यांनी भुवया आक्रसल्या. डावा हात गुडघ्यावर आपटायला लागला. मग जाऊबाईंच्या पदराला हिसका दिला आणि दोन वर्षांनी चर्चमध्ये तोंड उघडून ते जे पहिलं वाक्य बोलले, ते होतं, "हा नवा... ढोलकीवाला... लय सोडतोय." बाजूच्या बाकांवर ऐकू गेलं. ढोलकीवाल्यालाही गेलं असावं, कारण तिसऱ्या कडव्याला तो सुधारला.

जेवणाला गल्ली आली होती. समोरच्या काकू पंगतीत बसून सगळ्यांना सांगत होत्या, की भाताला चव आली ती पाण्याची. जाऊबाई वाढत होत्या, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या, यासारखी शिक्षा त्यांच्यासाठी पाळकसाहेबांनाही सुचली नसती.

भावजी त्यानंतर दर रविवारी गेले. पावसाळ्यापर्यंत गेले. पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी, चहा घ्यायच्या आधीच, निघून गेले. फार त्रास नाही झाला, असं जाऊबाई सांगतात. सिस्टरच त्या, त्यांना कळणारच. आतली खोली आता रिकामी आहे. खाट त्यांनी दवाखान्यातल्या एका गरजू माणसाला देऊन टाकली. मी म्हटलं, तिथं कपाट आणून ठेवा, तर म्हणाल्या, "राहू दे. इतकी वर्षं मी त्याला फटीतच बसवत आले गं, कामाच्या मधल्या फटीत. आता घरात जागाच जागा झालीय. बसू दे त्याला ऐसपैस." हे त्या देवाविषयी म्हणाल्या की भावजींविषयी, ते मी विचारलं नाही. दुपारी कधी गेले तर त्या तिथं खाली सतरंजीवर नुसत्या बसलेल्या असतात. हातात काही काम नसतं. ते बघायची मला सवय नाही हो.

तेव्हा पोरींनो, नाताळाला अजून आठ-दहा दिवस आहेत. करंज्या लाटायला त्यांच्यासोबत या वर्षी मी एकटीच आहे आणि माझे हात भरून येतात. पत्ता विचारायची गरज नाही, गल्लीच्या तोंडाशी सिस्टर म्हटलं की कुणीही आणून सोडंल. चार वाजता आलात तर उन्हं ओट्यावर असतात. या लवकर. आणि आल्यावर घाई आहे म्हणून उंबऱ्यातून परत फिरू नका, त्या सतरंजीवर त्यांच्याजवळ जरा टेका.